उजव्या हाताचं पान

कुणाला पटो न पटो, हे घडलेलं आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे. खोटं लिहिणार नाही.

१९७४ सालची सर्वपित्री अमावस्या. नागपूर, महाल. भर दुपारचे बारा.

विश्वनाथराव आमचे शेजारी. कीर्तनाला आम्ही सोबतच जायचो. देवळाच्या पायरीवर त्यांनीच हे मला सांगितलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत लिहायला घेतला होता. अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वंशवृक्ष छापखान्यात जायचा होता. सगळी नाती जुळली होती. अडलं होतं एकच नाव.

मनकर्णा.

पणजोबा गोपाळरावांच्या मृत्युपत्रात प्रत्येकाचं नातं लिहिलेलं. पत्नी सत्यवती, मुलं, सुना, सगळे. हिच्यापुढे मात्र काहीच नाही. एवढंच...

‘मनकर्णा हिस हयातभर अन्नवस्त्र द्यावे. पश्चात श्राद्धदिनी तिचे पान आमचे उजवे हातास मांडावे.’

असेल कुणी मोलकरीण, असं म्हणून विश्वनाथरावांनी वंशवृक्षाच्या यादीतून नाव खोडलं. सर्वपित्रीला पणजोबांच्या पानाशेजारी एक जास्तीचं पान मांडायची त्या घरची रीत होती. कुणासाठी, ते मृत्युपत्र सापडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या वर्षी तेही बंद केलं. पाट भिंतीशी उभा करून ठेवला.

गच्चीवर घास ठेवला.

शेजारच्या गच्चीवर कावळ्यांचा कलकलाट... आणि इथे एकही नाही.

तेवढ्यात माजघरातून आवाज आला.

सर्र...

फरशीवरून लाकूड ओढल्यासारखा.

आत कुणी नव्हतं. पाट मात्र पणजोबांच्या पानाच्या उजवीकडे मांडलेला. विश्वनाथरावांनी तो उचलून परत भिंतीशी ठेवला. पाठ वळवली, तोच...

सर्र...

दारात यमुताई उभ्या होत्या. त्यांची आत्या, ऐंशी वर्षांची.

“काल कीर्तनात डुलक्या घेऊन राहिला होतास का रे विश्वनाथ? बुवांनी काय सांगितलं? धर्मकार्यात पुरुषाच्या उजवीकडे कोण बसते?”

विश्वनाथरावांनी त्या पाटाकडे पाहिलं.

बायको. आणि दोन असल्या, तर पहिली.

“अन् तू तिला घराबाहेर काढून राहिला.”

विश्वनाथरावांनी तिचं पान मांडलं. वंशवृक्षात गोपाळरावांशेजारी लिहिलं... ‘प्रथम पत्नी मनकर्णा.’ शाई वाळायच्या आत गच्चीवर कावळा ओरडला. यमुताईंनी हात जोडले. घरानं तिचं नातं का पुसलं, ते मृत्युपत्रात नव्हतं.

मंडळी जेवायला बसणार, इतक्यात...

सर्र...

या वेळी आवाज हलका होता.

मनकर्णेच्या पानाला लागून आणखी एक पाट येऊन थांबला होता.

लहान मुलाचा.

वंशवृक्ष छापखान्यात गेलाच नाही. आज अकरा वर्षं झाली, विश्वनाथराव अजून जुनी कागदपत्रं चाळतात. दर सर्वपित्रीला त्या लहान पाटापुढे पान मांडतात. तर्पणाचं पाणी ओंजळीत घेतात...

आणि अडतात.

नाव काय घ्यायचं?

हल्ली त्या पंगतीला मीही असतो. विठ्ठलाचं नाव घेत बसतो. तरी त्या पाटाकडे माझ्यानं बघवत नाही.