तिसऱ्या बॉयलरचं उत्तर

"मरायचंय का, बाई?"

कोणीतरी दंडाला धरून तिला मागे ओढलं, आणि ती उभी होती तिथूनच वाफेचा लोट फुस्सकन गेला. कारखान्याच्या ट्रेनिंग विभागात लागून तिला जेमतेम आठवडा झाला होता. ओढणारा होता बॉयलरचा फिटर. शर्ट तेलकट, आणि डोळे... अगं बाई, काय ते डोळे!

"वाफ सुटणार, हे कळलं कसं?"

"आवाज बदलतो."

"मग लिहून द्या ना ग्रुपवर. सगळे शिकतील."

"माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय!"

"मग बोला... मी लिहीन."

फोनवरचा तो ग्रुप तिनंच सुरू केला होता. अडेल त्यानं विचारायचं, येईल त्यानं सांगायचं. ती रोज एक प्रश्न टाकायची, तो बोलून उत्तर पाठवायचा, ती ते नीट लिहून काढायची.

"झालं का समाधान, मास्तरीणबाई?"

"नाही — उद्या पुन्हा विचारणार."

"विचारा की. वाटच बघत असतो..."

मग एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं. "झकास चाललंय. ज्यांचं सगळं ग्रुपवर आलं, त्यांची आता गरज नाही. फिटरचं तिसऱ्या बॉयलरचं तेवढं राहिलंय. काढून घ्या."

ती धावत खाली गेली.

"तिसऱ्याचं कुणाला सांगू नका. सांगितलंत की तुमची नोकरी गेली. तुम्हाला माझी शपथ आहे."

तो हसला, पण ऐकलं त्यानं. महिनाभर दोघं बॉयलरमागे चहा पीत बसायची. प्रेम होतं ते, दोघांनाही कळत होतं, बोललं मात्र कोणीच नाही.

आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तो दोन दिवस रजेवर गेला. मागे तिसरा बॉयलर हेल्परनं हाताळला. दोन मुलींचा बाप, सगळं ग्रुपवर वाचून शिकलेला. तिसऱ्याचं तेवढं तिथं नव्हतं. वाफेनं त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर फिटरचा आवाज आला. "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह अर्ध्यावर थांबवायचा. गुरगुर बंद झाली की मगच पुढे फिरवायचा. हे मी आधीच सांगायला हवं होतं." तिचं नाव त्यानं घेतलं नाही. चाळीस जणांनी शाबासकीचे अंगठे टाकले. एक अंगठा साहेबांचा होता.

शनिवारी त्याच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं. ती गेटवर थांबली होती.

"माझ्यामुळे झालं हे. त्याचे हातही... तुमची नोकरीही."

"शपथ तुम्ही घातलीत, पाळली मी. पाप निम्मं-निम्मं."

"तुम्ही मला आवडता," ती रडत म्हणाली. "हेही आधीच सांगायला हवं होतं."

"मलाही तुम्ही... फार. पण आत्ता सुखाचं काही बोलायला जीभ रेटत नाही. मी दवाखान्यात चाललोय. त्याला भरवायला कोणीतरी लागतं."

"मी येते."

"रोज यावं लागेल."

"रोज येईन."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ग्रुपवर कोणीतरी विचारत होतं — दुसरा बॉयलर थरथरतोय, काय करू? फिटरला तर सकाळीच ग्रुपमधून काढलं होतं. त्यानं तिच्या खांद्यावरून वाकून वाचलं आणि खिशातलं पत्र आणखी खोल सारलं.

"लिहा, मास्तरीणबाई. लवकर. आधी म्हणावं, लांब उभा राहा."

तिनं डोळे पुसले आणि ती लिहायला लागली.