गाडवाटेचे चार मुक्काम

हिलाल पाटील सुरतेला कालव्याच्या ऑफिसात ट्रेसर होता. मूळ नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवायचं आणि काळ्या शाईनं रेघ न् रेघ उतरवून घ्यायची, हे काम त्यानं एकवीस वर्षं केलं. मोजलेलं तेवढंच खरं, बाकीच्या गप्पा, असं मानणारा तो माणूस. देवळातही बायको ओढून नेई तेव्हाच जायचा.

डिंडोलीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको अनुसया पांडेसऱ्याला साड्यांच्या घड्या घालायला जाई. कविता आणि प्रिया या दोघी मुली शाळेत होत्या. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्याच्या आईची, धुरपदाबाईची खाट होती. त्या खाटेवर सव्वा वर्ष कोणी झोपलं नव्हतं.

सप्टेंबर चौऱ्याण्णवमध्ये सुरतेत प्लेग आला आणि दोन दिवसांत गल्ल्याच्या गल्ल्या ओस पडल्या. हिलाल घरच्यांना घेऊन उधना स्टेशनवर गेला. खानदेशाकडची गाडी आली तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. आईचे गुडघे धरलेले. ती बाकावर बसली आणि अहिराणीत म्हणाली, "तू पोरेसले लई जाय. मी आठेच बसस."

"इथंच बस, हालू नको माय. यांना बसवतो आणि तुला न्यायला येतो."

अनुसया आणि मुली आत गेल्या. त्यांच्यामागून तो चढला, त्याच्यामागून आणखी पन्नास माणसं चढली, आणि गाडी हलली. दाराशी चेंगरलो होतो, उतरताच आलं नाही, असं तो नंतर सगळ्यांना सांगत असे. उधन्यापुरतं ते खरंही होतं. पण बारडोलीला गाडी चाळीस मिनिटं उभी होती. दार मोकळं झालं होतं, लोक उतरून पाणी भरत होते. अनुसया पार आतल्या बाजूला, मुली तिच्या मांडीवर झोपलेल्या. हिलाल दांडा धरून दारात उभा होता. समोर फलाट होता आणि उलट जाणारा रस्ता दिसत होता. सुरतेतल्या रोगाची त्याला भीती वाटली. तो उतरला नाही. ही गोष्ट त्यानं अनुसयेलाही कधी सांगितली नव्हती.

आठ दिवसांनी तो परतला तेव्हा बाक रिकामा होता. पोलीस, दवाखाने, मेलेल्यांच्या याद्या, सगळं झालं. धुरपदाबाई कुठंच नव्हती. गावाकडून धाकटा भाऊ भिकन निरोप पाठवी, दर्भाची बाहुली जाळून आईचे दिवस घालून टाकू. हिलाल हो म्हणत नसे.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर ऑफिसात एक काम निघालं. बारडोलीकडे कालव्याच्या पाण्यानं शेतं पाणथळ होत होती. जुने ओढे आणि विहिरी कुठं होत्या ते पाहायचं होतं. साहेबांनी कपाटातून इंग्रजांच्या वेळचे नकाशे काढून दिले. एक इंच म्हणजे एक मैल, पाठीला कापड लावलेले, घड्यांवर पिवळे पडलेले. हिलाल भिंग घेऊन बसला. तिसऱ्या दिवशी त्याला सुरतेहून पूर्वेला निघालेली एक तुटक दुहेरी रेघ दिसली. ही बैलगाड्यांची जुनी गाडवाट. तिच्या कडेला बारीक अक्षरांत नावं छापलेली होती. जोगणवाव. धोळी धर्मशाळा. सातवड. गाडा-ओवारा.

त्याचा हात थांबला. ही नावं त्यानं लहानपणापासून ऐकली होती. आई सात वर्षांची असताना बापाच्या बैलगाडीतून खानदेशातून सुरतेला आली आणि त्याच वाटेनं परत गेली होती. कुठं पाणी प्यालो, कुठं झोपलो, ते ती नातींना सांगत असे. जोगणवाव नावाच्या विहिरीच्या पायऱ्या कशा निसरड्या होत्या, धर्मशाळेची भिंत भर उन्हाळ्यात कशी गार लागे. त्याला वाटे, म्हातारी रचून सांगते. त्यानं चालू नकाशा शेजारी मांडला. त्यात गाडवाट नव्हती, चारातलं एकही नाव नव्हतं. ऊस, कालवे आणि डांबरी रस्ते होते.

रविवारी त्यानं ट्रेसिंगची घडी खिशात घातली, बस धरली, पुढं भाड्याची सायकल घेतली आणि जोगणवावेच्या जागी गेला. तिथं ऊस उभा होता. शेताचे मालक ठाकोरभाई बांधावर भेटले. मोडक्या मराठीत म्हणाले, "वाव होती ने. पण माझ्या बापानं पुरून टाकली. चाळीस वर्षं झाली, भाई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नकाशात आहे."

ठाकोरभाई बांधावर टेकले. मग म्हणाले, "अजून एकीला माहीत होती. यंदाची उत्तराण, म्हणजे तुमची संक्रांत, होऊन पाचेक दिवस झाले असतील. एक डोशी, म्हातारी, उसातून बाहेर आली. मला वाटलं कोयतावाल्यांपैकी कोणी. लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं, हातात तांब्या भरलेला. म्हणाली, पायऱ्या फार शेवाळल्यात, पोरं पडतील. मला पाणी दिलं."

"तुम्ही प्यालात?"

"प्यालो. इकडे सगळे बोअर खारे आहेत, भाई. ते पाणी गोड होतं."

हिलालनं घरी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्या पुष्कळ असतात, ओढ्यात उतरली असेल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. तरी पुढच्या रविवारी तो धोळी धर्मशाळेच्या जागी गेला. तिथं आता रेल्वेचं फाटक होतं. फाटकवाला सुकदेव अमळनेरकडचा निघाला. आपल्या बोलीचा माणूस पाहून त्यानं चहा टाकला. हिलालनं आईचा फोटो दाखवला तसा तो फोटोकडे पाहतच राहिला.

"हातावर तुळशीचं गोंदण?"

"डाव्या."

"मे महिना होता. एकोणीस तारीख, वीसला मी रजेवर गेलो. भर दुपारी तिथं येऊन बसली." सुकदेवनं रुळांपलीकडच्या मोकळ्या खडीकडे बोट केलं. "झाड नाही, आडोसा नाही. मी म्हटलं, आजी, इकडे सावलीत या. तर म्हणे, इथं गारच आहे की. पदरानं जागा झाडली आणि पाठ टेकून झोपली."

"कशाला टेकून?"

सुकदेवनं चहाचा कप खाली ठेवला. "तेच सांगतो, भाऊ. पाठ टेकली होती. मागं काही नव्हतं."

"काही बोलली?"

"उठताना म्हणाली, मुलगा मागून येतोय. तो आला की पुढं गेले म्हणून सांग."

त्या रात्री हिलालनं पंचांग घेऊन दिवस मोजले. उधन्याहून पहिला मुक्काम, एकशेवीस दिवस. पहिल्याहून दुसरा, पुन्हा एकशेवीस. बैलगाडीला जिथं एक दिवस लागे तिथं आईला चार महिने लागत होते. असं का, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर मोजणी थांबली असती. तिसरा मुक्काम सातवड, सप्टेंबरात होऊन गेला. चौथा गाडा-ओवारा, मिंढोळा नदीतला गाड्यांचा उतार. संक्रांतीला.

डिसेंबरअखेर तो सातवडला जाऊन आला. सात वड कधीच तोडले गेले होते. दोन्ही बाजूंना उघडं माळरान, मधे रस्ता, विचारायला माणूस नाही. तो वळणार तोच पायाखाली काही चिरडलं. खाली पाहिलं तर डांबरावर वडाची लाल फळं पडली होती, ताजी, पंधरा-वीस हातांच्या घेरात. त्यानं एक उचलून फोडलं. आत मुंग्या वळवळत होत्या.

संक्रांत रविवारी आली. डिंडोलीत पहाटेपासून गच्च्या पतंगांनी भरल्या होत्या. तो चपला घालू लागला तसं अनुसयेनं विचारलं, "आजही?"

"आजच."

तो सासूबाईंना शोधतोय हे त्यानं न सांगताच तिला कळलं होतं. तिनं तीळगूळ कागदात बांधून दिला. त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत हळूच म्हणाली, "त्या भेटल्या नाहीत तर मात्र दिवस घालू. मुली त्या खाटेकडे बघत जेवतात हो."

नऊ वाजता तो बारडोलीला उतरला. तिथून नदी तासाभराची वाट. सायकलचं दुकान समोरच होतं. पण त्याचे पाय स्टँडवरच्या चहाच्या गाडीपाशी थांबले. ती भेटली तर काय सांगायचं? दाराशी चेंगरलो होतो? लोकांना दिलेलं उत्तर आईला देता आलं नसतं. त्यानं एक चहा घेतला, मग दुसरा. समोरून दोन बस गेल्या. घड्याळात सव्वादहा झाले तेव्हा तो उठला.

नदीला पाणी थोडं होतं. वाहनांचा पूल मैलभर वर होता, त्यामुळे उताराकडे कोणी फिरकत नसे. काठावर ऊसतोडवाल्यांच्या चार झोपड्या होत्या, आणि एका दगडावर त्यांच्यातली एक बाई धुणं धूत होती. त्याला पाहून ती ओळखीचं हसली.

"एवढ्यात आलात परत? पोहोचवलं का आजीला?"

हिलाल सायकल धरून उभा राहिला.

"कोणाला?"

"तुमच्या आईला." बाईची बोली त्याच्याच गावाकडची होती. "पहाटेपासून त्या तिथं बसलेल्या. भाकर देऊ केली तर म्हणाल्या, मुलगा येईल, मग खाऊ. मग तुम्ही आलात."

"केव्हा?"

"आत्ताच की. तासही नसेल झाला."

पाण्यावरून वारा आला. दूर गावातला पतंगांचा गलका ऐकू येत होता.

"काय बोलली ती?"

"आता मला काय विचारता?" ती हसली, पण हातातलं लुगडं पिळायचं थांबली. "आधी उठेचनात. रुसल्या होत्या, तुम्ही गाडीतून उतरला नाहीत म्हणून. म्हणाल्या, तू गाडीमाच बशी ऱ्हायना ना? तेव्हा तुम्हीच नाही का म्हणालात..."

"काय?"

"नाही माय, बारडोलीला दार मोकळं झालं तसा उतरलो. तेव्हापासून तुझ्यामागं चालतोय."

हिलालनं सायकल दगडाला टेकवली.

"मग रडल्या त्या. तुम्ही हात धरून उठवलंत. हसत गेल्या हो पाण्यातून. मला मेलीला माझी आई आठवली."

त्यानं पलीकडे पाहिलं. उतारावर ओली वाळू होती, तिच्यापुढं ऊस.

"मी आत्ता येतोय," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

बाईनं त्याला नीट न्याहाळलं. चष्मा, चेहरा, हात. मग नजर खाली गेली, इस्त्रीच्या पँटकडे, पॉलिश केलेल्या चपलांकडे.

"मघा आले त्यांच्या पायात काही नव्हतं," ती पुटपुटली. "टाचा फुटलेल्या. रक्त होतं."

त्यानं पाय मागं घेतले.

"आजींचा मुलगा तर ते होते. मग तुम्ही कोण?"

उत्तर एका शब्दाचं होतं. ते हिलालला देता आलं नाही.

बाईनं धुणं तसंच दगडावर सोडलं. ती उठली आणि झोपड्यांकडे निघाली. चढण खडीची होती, दोनदा तिचा पाय सरकला. तरी वर पोहोचेपर्यंत ती त्याच्याकडे तोंड करून मागं-मागंच चालत गेली. एकदाही तिनं त्याच्याकडे पाठ केली नाही.