देवीचं पहिलं पाऊल

मंजुळानं माळ्यावरून देवीचा मुखवटा उतरवला, धूळ झटकली आणि सहज तोंडावर धरून पाहिला. नेमका तेव्हाच मिठाची गाडी घेऊन मोरू दारात आला. बिचाऱ्यानं थेट लोटांगणच घातलं.

"ऊठ रे, देवी जेवायला गेलीय," मुखवट्यामागून हसू आलं.

"मग तू कोण?"

"तिची राखण करणारी."

मोरू उठला, पण जाईना. खाडीवरच्या मिठागराचा गडी, खांदे कसे भरदार... हा मुखवटा पेलेल, मंजुळाच्या मनात आलं.

तिचा बाप गुणाजी खडवलीच्या बोहाड्यात देवीचं सोंग नाचायचा. तो गेला आणि मुखवट्यांचा हा उत्सव सात वर्षं बंदच पडला. यंदा मंजुळा हट्टालाच पेटलेली. पण बाईनं नाचायचं नाही, आणि गावात तो जड मुखवटा घ्यायला कुणी धजेना. बोहाड्याचे मानकरी, म्हातारे धोंडीबा म्हणाले, "आण कुणाला तरी. पण पाऊल चुकलं, तर मुखवटे नदीत सोडायचे. कायमचे."

मंजुळानं मोरूलाच गळ घातली. होळीपासून तो मिठाच्या फेरीला आला, की ती त्याला अंगणात पावलं शिकवायची.

"माझ्या मागे उभा राहा."

हा आपला पुन्हा समोर.

"समोर काय ठेवलंय रे?"

"काही नाही... शिकतोय ना," म्हणेपर्यंत याचे कान लाल.

बोहाड्याच्या पहाटे संबळ घुमू लागला. मोरू पडद्याआड उभा होता. धोंडीबा म्हणाले, "देवी उजव्या पावलानं येते. गुणाजीचं कधी चुकलं नाही."

मंजुळानं चटकन पडद्याकडे पाहिलं. तिनं तर डावं शिकवलेलं! लहानपणी ती बापासमोर बसून शिकली. त्याचं उजवं तिच्या डाव्या हाताला. सगळा नाचच उलटा. आता बापाचा मुखवटा नदीत जाणार.

पडदा सरला. उजवं पाऊल पडलं.

तांबडं फुटत होतं आणि देवी रिंगणात उतरत होती. आत मोरू आहे, हे मंजुळाला ठाऊक होतं. तरी तिचे हात आपोआप जुळले, अंगावर काटा आला, डोळे भरून वाहू लागले. धोंडीबांनी जमिनीला डोकं टेकलं.

मुखवटा उतरल्यावर तिनं मोरूला गाठलं. "मी डावं शिकवलेलं. उजवं कसं पडलं?"

"तू डावं उचललंस, की समोरून मी उजवं उचलायचो."

"मागे उभा राहिला असतास, तर बुडालो असतो."

"मागून तुझं तोंड कुठं दिसलं असतं?"

 मंजुळा हळूच म्हणाली, "आता पुढल्या वर्षी कुठं उभा राहशील?"

"शेजारी... तू हो म्हणशील तर."

मंजुळानं पदरानं त्याच्या कपाळाचा घाम टिपला. "हो," ती म्हणाली.