पाय चेपू नका, आई

हसू येतंय ज्याला, त्याने आधी एकट्याने जाऊन मागचं दार लावून यावं. कुणी उठत नाही ना? मग गप ऐका. माझ्या मित्राच्या घरचंच आहे हे, फरशी बसवतो ना, त्याच्या.

मार्चमधला शेवटचा शनिवार. संध्याकाळी मी त्याच्या बायकोबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, औषधाच्या दुकानात गेलो होतो. त्याच्या गोळ्या आणायच्या होत्या. एका शोरूमच्या कामात हा पठ्ठ्या महिनाभर गुडघे दुमडून बसला. पोटरी सुजली, मग दम लागायला लागला. आम्हाला वाटलं, सिमेंटची धूळ. डॉक्टर म्हणाले, "पायाच्या शिरेत रक्त गोठलंय. एक तुकडा सुटून फुफ्फुसात गेला होता, त्यातून वाचलात. आता गोळ्या चुकवू नका आणि पाय अजिबात चेपू नका. दुसरा तुकडा सुटला तर खेळ खलास."

आता पाय चेपणं ही त्याच्या आईची खोड. चाळिशीचा घोडा झाला, तरी लेकाचे पाय चेपल्याशिवाय म्हातारीला झोप नसायची. दोन वर्षांपूर्वी गेली बिचारी.

त्या रात्री दीडला वहिनींना जाग आली. तो झोपेत कण्हत होता, "बस आई... दुखतंय गं."

वहिनींनी पायथ्याशी पाहिलं. कुणी नाही. पण पोटरीवरची चादर दबत होती. उठत होती. पुन्हा दबत होती...

त्याचा श्वास अडकला.

वहिनींची दातखीळ बसायची वेळ आली होती. पण नवरा डोळ्यांदेखत चाललाय म्हटल्यावर बाई चवताळल्या. "आई, सोडा! तुमच्यापुढे कधी तोंड उघडलं नाही, आज उघडणार. माया माया करून लेकाला मारताय तुम्ही! मी नाही देणार त्यांना!"

चादर थांबली.

... पुन्हा दबली.

तसं वहिनींनी त्याच्या पायांपुढे आपलेच पाय आडवे घातले. "चेपायचेच आहेत ना? मग घ्या, माझे चेपा! अठरा वर्षं या घरात उभी आहे मी. माझे कुणी चेपले?"

अंधार. काही नाही...

हळूहळू त्याचा श्वास मोकळा झाला.

सकाळी मी गेलो, तर गडी उशीला टेकून चहा पीत होता. वहिनींनी नुसते पाय पुढे केले. दोन्ही पोटऱ्यांवर बोटांचे ठसे. दहाच्या दहा.

मग रडत रडतच हसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, चेपले हो शेवटी!"