तिघांचंच आरक्षण

सहलीच्या फाइलमध्ये आपले दोन फोटो ठेवावेत म्हणून शशिकलाबाईंनी ती उघडली आणि पहिल्याच कागदावर त्यांची नजर थबकली. मुलगा, सून, नात: देवव्रत, पूर्णिमा, आसावरी... प्रवासाच्या विम्यावर तीन नावं. विमानाच्या तिकिटांवर तीन. मुक्कामाच्या लाकडी घराच्या आरक्षणावर तर दोन मोठे आणि एक लहान, असं स्वच्छ छापलेलं. त्यांनी चष्मा पुसला, सगळे कागद पुन्हा पहिल्यापासून चाळले. एखादं पान चिकटलं असेल, खाली पडलं असेल... पण काही चिकटलं नव्हतं आणि काही पडलंही नव्हतं. व्हिसाच्या मापाचे ते फोटो त्यांनी कालच जवळच्या मुऐदर भागातल्या स्टुडिओत जाऊन, ठेवणीतली साडी नेसून काढून घेतले होते. ते त्यांनी मुकाट्याने पर्समध्ये परत ठेवले आणि चेन लावली.

आणि ही सहल आखली होती कुणी? त्यांनीच! नाशिकच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. खडूने फळ्यावर आल्प्स काढता काढता ज्यांचे केस पिकले आणि ज्यांनी फ्रीजबाहेरचा बर्फ उभ्या जन्मात पाहिला नाही, त्या शशिकलाबाई. गेल्या वर्षी पती गेले आणि या जानेवारीत त्या मुलाकडे दोह्याला आल्या. देवव्रत जवळच्या लुसैल शहरात ट्रामच्या कामावर इंजिनिअर. तिथला फुटबॉलचा वर्ल्ड कप दीड महिन्यावर आलेला, त्यामुळे त्याचं दर्शन शुक्रवारीच व्हायचं. सून पूर्णिमा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. स्पर्धेमुळे शाळा महिनाभर बंद राहणार, देवव्रतचंही काम तोवर उरकणार, म्हणून नोव्हेंबरअखेर आठवडाभर बर्फात जायचं ठरलं, तेव्हा त्याने टॅबलेट त्यांच्या हातात दिला होता. "आई, तूच बघ गं सगळं. मला डोकं वर काढायला वेळ नाही."

त्यांनी सगळं बघितलं. कुठल्या उंचीवर नोव्हेंबरातही बर्फ पक्का मिळतो, कुठल्या गावात गाड्यांना बंदी आहे, नवशिक्यांना स्की शिकवणारा मास्तर किती मुलांना एका वेळी घेतो. ऑस्ट्रियातलं ते चिमुकलं गाव त्यांनीच शोधलं. घराच्या मालकीणबाईंना इंग्रजीत पत्र पाठवून पोळ्या लाटण्याइतका मोठा ओटा आहे का, हेही विचारून घेतलं. पैसे तेवढे पूर्णिमाने भरले. चार महिने रोज दुपारी त्या रिकाम्या घरात बसून शशिकलाबाई मनाने त्या गावच्या गल्ल्यांतून हिंडत होत्या... आणि आपल्याला तिकडे कुणी बोलावलंच नाही, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांना राग आला का? खरं सांगायचं तर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांना आली ती शरम, न बोलावता पंगतीत जाऊन बसल्याची. आणि लगेच, आयांच्या मनाला जी वाईट खोड असते तिच्याप्रमाणे, त्यांना लेकाची काळजी वाटू लागली. आता हे आपल्याला कसं सांगायचं, म्हणून तो बिचारा किती दिवस झुरत असेल!

शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा त्यांनी आमटी वाढता वाढता विषय काढला.

"अरे देवू, मी आज कॅलेंडर बघितलं. तुमच्या तारखा नेमक्या चंपाषष्ठीवर आल्यात. खंडोबाचे घट बसतील. सहा दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घराला कुलूप लावायचं नाही. तेव्हा मी काही येत नाही बाई. तुम्ही तिघं जाऊन या."

देवव्रतने मान वर केली, पूर्णिमाकडे पाहिलं. क्षणभरच. पण त्या क्षणात दोघांच्या चेहऱ्यांवरून जे ओझं उतरलं ते शशिकलाबाईंनी पाहिलं, आणि पाहिलं नसतं तर फार बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

"तारखा बदलता आल्या असत्या, आई," पूर्णिमा पुटपुटली. "आम्ही आधी बघायलाच हवं होतं."

"असू दे गं. देवाचं आहे, त्याला आपला इलाज नाही."

बारा वर्षांची आसावरी मात्र भाताचा घास तसाच ठेवून आजीकडे बघत राहिली. "बट आजी, यू फाउंड द व्हिलेज."

"म्हणून काय झालं? मी शोधलं, तू बघून ये," आजी म्हणाली आणि मीठ आणायच्या निमित्ताने आत गेली. मीठ टेबलावरच होतं.

खरी गोष्ट अशी, की बसवायला घटच नव्हते. देवांचे चांदीचे टाक शशिकलाबाईंनी जानेवारीत नाशिक सोडताना धाकट्या दिरांच्या, विजयकुमारांच्या हाती सोपवले होते. परक्या मुलखात आपल्याच्याने निगुतीने होणार नाही, आता कुळाचार तुम्हीच चालवा, असं सांगून डोळे पुसत निघाल्या होत्या. देवव्रत तेव्हा कामात इतका बुडालेला, की त्याला आईला न्यायला जायलाही जमलं नव्हतं. टाकांचं त्याला कोण सांगणार? आयुष्यात पहिल्यांदाच त्या देवाच्या नावावर खोटं बोलल्या होत्या.

पुढचे दिवस मोठे चमत्कारिक गेले. त्या पूर्वीपेक्षाही हौसेने तयारीला लागल्या. भाजणी भाजली, मेतकूट केलं, कुठल्या स्टेशनवर गाडी बदलायची ते ठळक अक्षरांत लिहून दिलं. बाहेर रस्तोरस्ती झेंडे लागत होते, नवे पूल खुले होत होते, विमानतळाकडून रोज नव्या देशांची माणसं शहरात उतरत होती. सगळं जग दोह्याला यायला निघालं होतं, आणि दुपारी भांड्यांचा आवाज थांबला की शशिकलाबाईंना वाटे, एवढ्या जगात आपल्याला हाक मारणारं माणूस मात्र एकही उरलेलं नाही. पती होते तेव्हा साधी भाजी आणायची तरी विचारायचे, "काय आणू?" तो प्रश्न ऐकून आता सव्वा वर्ष झालं होतं. नाशिकचं घर भाड्याने दिलं तेव्हासुद्धा देवव्रतने सगळं ठरवून मग फोन केला होता. प्रेमानेच केला होता, हेही खरं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देवव्रत दुपारीच घरी आला. बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"आई, मी विजूकाकांना फोन केला होता. म्हटलं, घटांना काय काय लागतं ते इथे आणून ठेवावं, तू एकटी कुठे हिंडणार... काका म्हणाले, टाक त्यांच्याकडे आहेत. वहिनींनी स्वतः दिले, म्हणाले."

शशिकलाबाईंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"तू फाइल बघितलीस ना?"

त्यांनी नुसती मान हलवली. चार-पाच आठवडे आवरून धरलेले अश्रू आता कुणाचं ऐकेनात. "फोटो ठेवायला गेले होते रे... मला काय माहीत..."

देवव्रत मटकन खुर्चीवर बसला. "मी स्वतःशी काय काय म्हणालो, माहितीये? आईचे गुडघे दुखतात. आईला थंडी सोसणार नाही. सगळी कारणं काढली. पण खरं कारण वेगळं आहे. पूर्णिमा आणि मी दोन वर्षांत धड बोललेलो नाही, आई. वाटलं, आठवडाभर आम्ही तिघंच... आणि तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस. म्हणून विचारलंच नाही."

ते वाक्य शशिकलाबाईंच्या काळजात खोल रुतलं. तरी खोट्यापेक्षा ते बरं होतं. त्या हळूहळू त्याच्याजवळ आल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मी सगळं रद्द करतो. खलास. व्हिसाच्या तारखाही आता मिळत नाहीत, नाहीतर..."

"काही रद्द करायचं नाही. तुम्हाला दोघांना वेळ हवा आहे तर घ्या की. मला सांगितलं असतंस तर मी आनंदाने मागे राहिले असते." त्यांनी पदराने डोळे पुसले. "मला नेलं नाहीस याचं दुःख आहे, ते जाईल. पण तू मला विचारलं नाहीस, देवू. पुढच्या वेळी विचार. नाही म्हणायचं काम माझ्यावर सोड."

देवव्रतने त्यांच्या कुशीत तोंड लपवलं आणि चाळिशीतला तो माणूस हमसून हमसून रडला.

तिघं गेले. शशिकलाबाईंनी दिवा लावला तो रोजचाच, सांजेचा, आणि देवाची मनापासून क्षमा मागितली. घर फार मोठं वाटत होतं. शेजारच्या व्हिलात कुणीतरी सामना लावला होता; गोल झाला की भिंतीपलीकडून आरडाओरडा ऐकू येई, आणि कुणी कुणाला हरवलं हे त्यांना कळतही नसे. एका माणसापुरता भात लावताना पाण्याचा अंदाज दोनदा चुकला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. देवव्रत होता. त्याचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा लागत होता. मागे पूर्णिमा कशाला तरी खळखळून हसत होती.

"आई, आम्ही दोघं बोलत होतो. आसावरीला मार्चमध्ये सुट्टी आहे. इथे तोवर बर्फ असतो. कदाचित दुसरीकडे कुठे, तू म्हणशील तिथे. सक्ती नाही, तिकीट काढलेलं नाही, काहीच ठरवलेलं नाही." मग त्याने विचारलं, "तू येशील का आमच्याबरोबर?"

शशिकलाबाई खुर्चीत बसल्या. उत्तर तर त्यांच्या ओठांवर होतं, एकतीस वर्षं होतं... पण त्यांनी ते लगेच दिलं नाही. किती दिवसांनी कुणीतरी त्यांच्या उत्तराची वाट बघत होतं, आणि पलीकडचा तो श्वास त्यांना आणखी थोडा वेळ ऐकायचा होता.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या.