दाभण आणि डॉक्टर

"जरा त्याची घुंगरं धरा हो!"

तिसगावच्या बाजारात, भर दुपारी, आमच्या चांद्या बैलाच्या पोटाखालून आवाज आला. वाकून पाहते तर पांढऱ्या सदऱ्यातला एक तरणा माणूस गुडघे टेकून बसलेला. कानात नळ्या, आणि नळीचं टोक चांद्याच्या डाव्या कोपरामागे दाबलेलं.

"बैल इकायचा न्हाई," मी म्हणाले.

"मलाही घ्यायचा नाही. फक्त ऐकायचाय."

मी घुंगुरमाळ दोन्ही मुठींत आवळून धरली. त्याने घड्याळाकडे बघत ठोके मोजले, वहीत टिपले, मग मान वर केली... आणि बैलाऐवजी माझ्याकडेच बघत राहिला. वाऱ्याने पदर उडाला, तो सावरता येईना. मुठी कुठं मोकळ्या होत्या!

हा आमच्याकडे नवा आलेला गुरांचा डॉक्टर, गहिनीनाथ. शेवगावकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, मुंबईला शिकलेला. नांगराआधी बैलाचं काळीज किती ठोके देतं आणि नांगरानंतर किती, याचा त्याचा अभ्यास चालला होता. दोनशे बैल झाले की निबंध लिहायचा होता. गाव हसून घेई, पण तो नेटाने वही भरत होता. त्या वहीत आमचा चांद्या मात्र जरा जास्तच वेळा येऊ लागला. आठवड्यातून दोनदा स्वारी हजर!

"एकाच बैलाला किती डाव ऐकता?"

"याचं काळीज फार चांगलं आहे."

"आन् बाकीच्यांचं?"

"बाकीच्यांची घुंगरं धरायला... कोणी नसतं."

तो मला आवडायला लागला होता. ते मी लपवतही नव्हते. लपवलं होतं ते दुसरंच.

त्याचं असं झालं. आमच्याकडे गोठ्यात शिवण घेऊन बसायची सक्त मनाई. पण एकाहत्तर सालच्या पोळ्याला मला वाटलं, झूल चांद्याच्या अंगावर टाकूनच शिवावी, म्हणजे नीट बसेल. तेवढ्यात डॉक्टरांच्या सायकलची घंटी वाजली. मी बाहेर डोकावले, आणि वळून बघते तर हातात नुसता दोरा, दाभण गायब! कडबा चिवडून चिवडून बोटं सोलली, पण ते सापडलं नाही. वडिलांनी, म्हणजे दादांनी, दाभण मागितलं तेव्हा सांगून टाकलं, शेजारच्या साळूबाईनं नेलंय. साळूबाई देवाशपथ नाही म्हणाली. झालं! दोन घरांत अबोला.

दिवाळीच्या तोंडावर चांद्याने वैरण सोडली. पाठीला बाक आला, कोपरं बाहेर फाकली, बसताना कण्हायला लागला. डॉक्टर आला. बराच वेळ ऐकत राहिला. या वेळी हसला नाही.

"पोटात लोखंड गेलं असावं, दादा. पोट आणि काळीज यांच्यामध्ये पातळ पडदा असतो. टोचत टोचत ते काळजात घुसतं. अजून घुसलेलं नाही. आज कापून काढलं तर बैल वाचेल. पण छातीठोक सांगता येत नाही... वैरणीत तार, खिळा, काही?"

"आमच्या गोठ्यात लोखंड येतंच न्हाई!" दादा गरजले. "अंदाजानं बैल फाडू देनार न्हाई मी."

दादांचा मार मी सोसला असता. पण हा माणूस मला खोटारडी समजणार, ते सोसणं अवघड होतं. तेवढ्यात चांद्या पुन्हा कण्हला.

"दाभन हाय त्याच्या पोटात," मी म्हणाले. "पोळ्याच्या येळी माझ्याच हातनं पडलं. साळूबाईनं न्हाई नेलं."

दादांनी उगारलेला हात तसाच राहिला. मग ते डॉक्टरकडे वळले. "कापा," एवढंच म्हणाले.

डाव्या कुशीत बधिरतेचं इंजेक्शन देऊन चांद्याला उभ्यानंच कापलं. डॉक्टरचा हात खांद्यापर्यंत आत. मी वेसण धरून रडत होते.

"घावलं!" तो ओरडला. मुंबईचं सगळं शिक्षण त्या एका शब्दात गळून पडलं. त्याच्या बोटांत काळंठिक्कर दाभण होतं.

मी साळूबाईची माफी मागून आले. तिने आधी तासभर ऐकवलं, मग चहा पाजला. आठवड्याने डॉक्टर टाके बघायला आला, तेव्हा चांद्या खुशाल रवंथ करत होता. दादांचा राग मात्र उतरला नव्हता.

"गोठ्यात दाभन टाकती, वर शेजारनीवर आळ घेती! असली पोरगी कोन करून घेनार?"

"मी घेतो की," टाके पुसता पुसता डॉक्टर म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"आवो, खोटं बोलली ती!"

"बोलली. पण सगळ्यांसमोर खरंही तिनंच सांगितलं. मला ते अजून जमलं नव्हतं, दादा. चार महिने मी... बैल बघायला येतोय, असंच सांगत आलो."

दादांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग माझ्याकडे वळले.

"मुक्ते, तुझं काय..."

पहिलं खरं सांगायला मला दोन महिने लागले होते. या खेपेला दादांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी म्हणाले, "व्हय!"