बंद जबडा

घोडा चढावर उभा होता, आणि त्याच्यामागे ट्रेलर नव्हता.

ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला या धंद्यात घोडा म्हणतात, एवढं फौजदारांना आज सकाळीच कळलं होतं. काल संध्याकाळी ट्रेलर वळणावर आडवा होऊन कलंडला होता. त्यावरचा बुलडोझर साखळदंड तोडून खाली गेला होता, तो नेमका पंक्चरवाल्याच्या टपरीवर. पंक्चरवाला तेव्हा टपरीत होता. त्याला बाहेर काढलं, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फौजदार घोड्यामागे गेले. ट्रेलरच्या नाकाखालचा लोखंडी खुंटा घोड्यावरच्या जबड्यात शिरतो, जबडा मिटतो, दांडा सरकवला की कुलूप लागतं. सगळा भार त्या एका खुंट्यावर.

जबडा मिटलेला होता. कुलूप लागलेलं होतं.

खुंटा तुटला असेल म्हणून ते कलंडलेल्या ट्रेलरपाशी आले. खुंटा जागच्या जागी होता, धडधाकट, ग्रीसने माखलेला.

म्हणजे बंद जबड्यातून शाबूत खुंटा निसटला होता. कसा? फौजदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. इथेच घोडं पेंड खात होतं.

दुपारी ते ट्रान्सपोर्टच्या आवारात पोचले. मालकांनी खुर्ची दिली, पंखा लावला आणि विचारायच्या आधीच हात झटकले.

"चालकाचीच चूक, साहेब. लॉक करायला विसरला, गाडी निसटली, मग घाबरून दांडा सरकवून ठेवला. सरळ गोष्ट आहे."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहायला कशाला हवं? दुसरं काय असणार?"

"एवढ्या जड यंत्राला हा ट्रेलर चालतो?"

"चालतो म्हणजे? नेहमीचा ट्रेलर कामावर गेलाय, म्हणून मागच्या शेडमधला काढला. चाकं भरपूर आहेत त्याला. आणि चढ आहे म्हणून घोडा मोठा दिला. पण कुठला घोडा कुठल्या ट्रेलरला, ते मी नाही ठरवत. जोडी लावतात ते आमचे वस्ताद."

वस्ताद दारातच उभे होते. सत्तरीचे, ताठ, पांढऱ्या मिशांचे. अपघातातला चालक हा त्यांचाच मुलगा. बापाचा चेहरा मात्र रडवेला नव्हता, संतापलेला होता.

चहा आला. स्टीलचे पेले, वाफाळते. फौजदारांनी पेला उचलला आणि 'हाय रे' करत तसाच टेबलावर टेकवला. मालकांनी रुमालात धरला. वस्तादांनी आपला पेला मुठीत घेतला आणि ते बोलत राहिले.

"काल जोडी कुणी लावली?"

"मी. दुसरं कोण लावणार?"

"बरोबर लावली होती?"

मालक गालात हसले. आवारात हा प्रश्न कुणी विचारत नसे.

"साहेब, खुंटे दोन जातीचे. जाड आणि बारीक. जबडेही तसेच," वस्ताद म्हणाले. "नाकाखाली अंधार, वर ग्रीसचा थर. तिथे डोळ्यांचं काम नाही. मी हात घालून मुठीत धरतो. बोटं अंगठ्याला टेकली तर बारीक, नाही टेकली तर जाड. काल नाही टेकली. जाड जबड्याचा घोडा लावला. उभा जन्म गेला यात, ही मूठ एकदाही खोटं बोललेली नाही."

"मग तुमचा मुलगा?"

"त्याने माझ्या जोडीला काळं फासलं. एक माणूस मारला. त्याचं तोंड पाहायचं नाही मला."

पेला रिकामा करून त्यांनी खाली ठेवला. तळहातावर लालभडक चट्टा उमटला होता. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. फौजदारांचं होतं, पण तेव्हा त्यांना वाटलं, राबणाऱ्याची कातडी आहे, जाड असणारच.

चालक कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताला प्लास्टर. बाहेर बाकावर त्याची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती.

"लॉक विसरलो, साहेब," फौजदार बसायच्या आतच तो म्हणाला. "नंतर जाऊन बंद केलं. लिहून घ्या."

"निघण्याआधी ट्रेलर ओढून पाहिला नाहीस?"

"पाहिला की. रोज पाहतो."

"धरला होता?"

"पक्का धरला होता."

"लॉक नसताना?"

त्याने नजर प्लास्टरवर वळवली.

"हात कधी मोडला?"

"दणक्यातच. स्टेअरिंगवर आपटलो."

"लोकांनी तुला उचलून केबिनबाहेर काढलं. तो दांडा मी सकाळी ओढून पाहिला. दोन्ही हात लावले तरी मला घाम फुटला. तू मोडक्या हाताने कधी सरकवलास?"

"साहेब, मी कबूल करतोय ना? मग तुमचं काय अडलंय?"

असा आरोपी फौजदारांच्या वाट्याला कधी आला नव्हता. बाकी सगळे सुटायला धडपडतात; हा तुरुंगात जायला उतावीळ.

ते बाहेर आले. सून उठून उभी राहिली.

"डबा द्यायचाय. आणि मामंजींना निरोप सांगाल? सकाळपासून सदरा उघडाच असेल त्यांचा. त्यांची बटणं हल्ली हेच लावून देतात."

"का? वस्तादांना लावता येत नाहीत?"

"लावतात... पण चुकतात," ती म्हणाली आणि तिने एकदम ओठ मिटून घेतले.

फौजदार पुन्हा चढावर गेले. टपरीच्या जागी पंक्चरवाल्याचा भाऊ टायर गोळा करत होता. त्याने वर पाहिलं आणि पुढचा टायर उचलला.

ते कलंडलेल्या ट्रेलरच्या नाकापाशी वाकले आणि ग्रीसमध्ये हात घालून खुंटा मुठीत धरला.

बोटं अंगठ्याला टेकली.

मग घोड्यापाशी जाऊन त्यांनी त्या मिटलेल्या जबड्यात आपली मूठ घातली. मूठ आरामात आत गेली. तशीच वर निघाली.

पुढचं कोडं राहिलंच नाही. राहिलं ते सांगायचं काम, आणि ते काम दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं, तर फौजदारांनी आनंदाने ढकललं असतं.

संध्याकाळी ठाण्यात मालक आले, वस्ताद आले. चालकाला बाहेर आणलं. बापाने मान फिरवली.

"लॉक लागलेलं होतं," फौजदार म्हणाले. "पहिल्यापासून. शेडमधल्या त्या ट्रेलरचा खुंटा बारीक आहे, मोठ्या घोड्याचा जबडा जाड खुंट्याचा. बारीक खुंटा त्यात ढिला बसतो. सरळ ओढलं तर येतो, म्हणून ओढून पाहिल्यावर धरल्यासारखा वाटला. चढाला लागल्यावर भार मागे गेला, ट्रेलरचं नाक हलकं झालं. वळणावरच्या गतिरोधकावर दणका बसला आणि खुंटा सरळ वर निघाला. जबडा होता तसाच मिटलेला राहिला."

"म्हणजे जोडीच चुकली?" मालक म्हणाले.

"अशक्य!" वस्ताद गरजले. "मी या हाताने—"

"वस्ताद, तळहात बघा."

वस्तादांनी पाहिलं. चट्ट्यावर आता फोड आला होता.

"हा कशाने आला?"

म्हाताऱ्याने आठवून पाहिलं. आठवलं नाही.

"दुपारच्या चहाने. मला तो पेला क्षणभर धरवला नाही. तुम्ही पूर्ण प्यायलात. काल बोटं अंगठ्याला टेकली होती, वस्ताद. तुम्हाला ते जाणवलं नाही." फौजदारांचा आवाज खाली आला. "हे तुमच्या मुलाला माहीत आहे. सदऱ्याची बटणं उगाच नाही लावून देत तो."

सगळे चालकाकडे पाहू लागले.

"रोज बघायचो मी," तो पुटपुटला. "दादांनी जोडी लावली की ते आत जायचे. मग बॅटरी घेऊन खाली शिरायचो. कधी चुकलं असलं तर गुपचूप बदलायचो. काल मालकांनी घाई लावली, आणि दादा तिथेच उभे राहिले, गाडी निघेपर्यंत." त्याने बापाकडे पाहिलं. "त्यांच्यादेखत कसा वाकू, साहेब? वस्तादांची जोडी कुणी तपासत नाही. सगळ्या आवारापुढे त्यांची मान खाली गेली असती."

त्या एका मानेपायी पंक्चरवाला गेला होता. फौजदारांच्या ते ओठांवर आलं, त्यांनी गिळलं. चालकाला ते सांगायची गरज नव्हती.

वस्ताद हळूहळू मुलाकडे वळले. दिवसभर ज्याचं तोंड पाहायचं नव्हतं, त्याच्याकडे पाहत राहिले.

"मला सांगायचंस की रे," ते म्हणाले.

"काय सांगायचं होतं, दादा?"



जबाब नव्याने लिहावा लागला, बाप-लेक दोघांचाही. फौजदार सावकाश लिहीत राहिले, जणू उशीर केल्याने काही बदलणार होतं. पोराची सुटका झाली नाही. आता त्याच्या शेजारी म्हाताराही बसणार होता, एवढंच.

वस्तादांना सही येत नव्हती. फौजदारांनी शाईची डबी पुढे केली. वस्तादांनी अंगठा बुडवला, कागदावर आणला आणि दाबून धरला. बराच वेळ धरला. मग त्यांनी वर पाहिलं.

"टेकला का, साहेब?" त्यांनी विचारलं.